खटका

तासगावच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात
रात्री साडेदहाला स्वेटर घालून बसलेय मी.
भिंतीपलीकडे बेदाणा, गारठ्यात निजलेला,
बॉक्सावर बॉक्स,
आणि त्याचा सगळा हिशेब या एका मशीनमध्ये.
उद्या नऊला सौदा.

"फॉरमॅट मारा की," मालक फोनवर.
फॉरमॅट म्हणजे झुरळासाठी घर पाडणं.
बॅकअप आहे का?
"ते काय असतंय, ताई?"

म्हणून एकेक.
नेटची वायर काढली. सेफ मोड.
चालू कामांच्या यादीत तो सापडला,
नाव अगदी विंडोजच्या घरचं,
फक्त ओच्या जागी शून्य.
चष्मा पुसून पाहिलं. शून्यच.
मारला, तर उठला.
त्याचा जोडीदार दुसऱ्याच फोल्डरात दबून,
एक पडला की दुसरा त्याला हात देतो.
शेड्यूलमध्ये एक काम, दर अकरा मिनिटांनी.
रजिस्ट्रीत तीन ओळी.
पोरींची डोकी विंचरणाऱ्या बाईला विचारा,
उवांचं काही नसतं,
लिखांचं असतं.

भुपाल मगदूम, रात्रपाळीचा क्लार्क,
स्टुलावर कानटोपीत.
"काय काय उघडता यावर?"
"बॉक्सच्या एंट्र्या. पावत्या. आन् गाणी."
नऊशे बारा गाणी, कुठून कुठून आणलेली.
मला कारण सापडलं.
"असल्यातूनच येतं हे," मी म्हणाले,
शाळेतल्या बाईंच्या आवाजात,
आणि शिफ्ट दाबून डिलीट.
तो बोलला नाही.
कानटोपी थोडी खाली ओढली.

बाराला मशीन स्वच्छ. रीस्टार्ट. स्वच्छ.
अँटिव्हायरस टाकायला माझा पेनड्राइव्ह लावला.
अकरा मिनिटांत सगळी फोल्डरं शॉर्टकट,
प्रत्येकाच्या पायाशी तो वाकडा बाण.
पुन्हा वायर, पुन्हा सेफ मोड, पुन्हा लिखा.
पुन्हा माझा पेनड्राइव्ह. पुन्हा तो.
तिसऱ्या वेळी हात पोर्टपाशी गेला
आणि तिथंच राहिला.

दहा वर्षं गळ्यात आहे हा माझ्या, निळ्या नाडीत.
कडेला एक बारीक खटका,
लावला की बाहेरचं आत काही लिहिता येत नाही.
दिवाळीआधी पर्सच्या चेनमध्ये अडकून तुटला.
बघू नंतर, म्हटलं होतं.
लपवलेल्या फाईल्स उघड केल्या.
शून्यवाला होता. तारीख चौदा.

चौदाला कुठे होते मी?
डायरीत: कवठे एकंद, झेरॉक्सवाला.
मग मणेराजुरीची पतसंस्था.
सावळजची शाळा, अकरा मशीन.
एक दातांचे डॉक्टर. नणंदेचा लॅपटॉप.
एकोणीसला: तासगाव, कोल्ड स्टोरेज, प्रिंटर जोडणे.
प्रत्येकापुढे तीनशे आणि टिकमार्क.
नणंदेपुढे फक्त टिकमार्क.

भुपाल चहा घेऊन आला,
बशीत मूठभर बेदाणा.
सांगितलं त्याला.
"माझ्याकडूनच" हा शब्द दोनदा घशात अडकला.
त्यानं बशी माझ्याकडे सरकवली.
"मग माझी गाणी?"

शिफ्ट दाबून गेलेलं टोपलीत जात नाही.
पण जागेवर असतं काही काळ, नाव पुसलेलं,
दुसरं कुणी त्या जागेत राहायला येईपर्यंत.
चारपर्यंत खणलं.
सातशे त्रेचाळीस आली.
नावं नाहीत, नुसते आकडे.

आता तो एकेक वाजवतोय, तीन-तीन सेकंद,
आणि एका बोटानं नाव टाइप करतोय.
मध्येच एक, गाणं नसलेलं:
बायका हसतायत, कुठेतरी ताट पडतं,
कुणीतरी ओरडतं, आवं भुप्या, बंद कर ते!
हे मात्र तो पूर्ण ऐकतो.
टाइप करतो: आक्काची हळद.
उरलेल्या एकशे एकोणसत्तरात काय होतं
मी विचारत नाही.

पंख्याचा आवाज, पलीकडे कॉम्प्रेसर.
डायरीतल्या टिकमार्कांवर आडव्या रेघा मारतेय.
उजाडलं की फोन करायचे.
पहिला नणंदेला.
ती सगळ्यात जास्त ऐकवेल,
तेवढं एक उरकून जाईल.